पिशव्या खाली ठेव आणि मॅच बघ

लेकीची राज्यस्तरीय शालेय खो-खो स्पर्धेच्या संघात निवड झाली म्हणून तू फोन केलास, आणि मी पेढे कधी देतेस विचारायच्या आत तू प्रश्नांची फैरच सुरू केलीस. गाडी कुठली, उतरायचं कुठे, राहायचं कुठे, सासूबाई येते म्हणतायत त्यांचं काय, तिला डबा द्यायचा का, थंडी असेल का, आणि ती हरली तर काय बोलायचं. सात प्रश्न गं, आणि एकही मॅचबद्दल नाही! बघ, मी पंचवीस वर्षं या शहरात राहतेय. माझी धाकटी खो-खो खेळली, भाची कबड्डी खेळली, त्यामुळे संभाजीनगरच्या मैदानांवरची धूळ माझ्या प्रत्येक ओढणीला लागलेली आहे. पदर खोचून बस आणि ऐक.

सगळ्यात आधी मैदान कुठलं ते नीट विचारून घे. हसू नकोस. आमच्या गावात वानखेडे नाही, की रिक्षावाल्याला ‘स्टेडियम’ म्हटलं आणि तो बरोबर सोडेल. शालेय आणि विभागीय स्पर्धा बहुतेक गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात असतात, सूतगिरणी चौकाजवळ. पण भारतीय खेळ प्राधिकरणाचं, म्हणजे ज्याला सगळे ‘साई’ म्हणतात त्याचं केंद्र आहे विद्यापीठाच्या आवारात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सिडकोत एमजीएमचं मैदान आहे. चिकलठाणा एमआयडीसीत गरवारे स्टेडियम आहे. तिकडे आमखास मैदान वेगळंच. खरं सांगू का, पहिल्या वेळी मी स्वतः मोठ्या ऐटीत रिक्षात बसले आणि म्हटलं, ‘चला, स्टेडियमला.’ त्या बिचाऱ्याने सरळ गरवारेला नेलं. तिथे गेटवर शुकशुकाट. मी वॉचमनला विचारतेय, ‘दादा, मुली कुठे खेळतायत?’ आणि तो माझ्याकडे असा बघतोय की मी मंगळावरून आलेय. गारखेड्याला पोहोचेपर्यंत पहिला सामना संपला होता, आणि जे रिक्षाभाडं वाचवायला मी आधी सिटी बस शोधत बसले होते, ते दुप्पट गेलं. तेव्हा लेकीच्या सरांकडून मैदानाचं पूर्ण नाव लिहून घे आणि रिक्षावाल्याला ‘सूतगिरणी चौक, क्रीडा संकुल’ असं सांग. चौक सांगितला की आमच्याकडे माणूस हरवत नाही.

आता येण्याचं बघू. एसटीने येत असशील तर लक्षात ठेव, 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर त्यांचा प्रवास फुकट, फक्त वयाचा पुरावा हवा. तो आधार कार्डाचा कागद तुझ्या पर्समध्ये ठेव, त्यांच्या पिशवीत नको, नाहीतर कंडक्टर उभा आणि आई तळाशी चाचपतायत असं होतं. जालना, परभणी, नांदेडकडून येणाऱ्या गाड्या आधी सिडको बसस्थानकावर थांबतात. तिथेच उतर, गारखेडा तिथून सोपं पडतं. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊन परत येण्यात काही अर्थ नाही. पुण्याकडून आलीस तर मात्र वाळूज, नगर नाका करत बाबा पेट्रोल पंपावरून मध्यवर्तीलाच येशील. रेल्वेने येणार असशील तर तपोवन आहे, देवगिरी आहे, आता मुंबई–नांदेड वंदे भारतही इथे थांबते. आणि हो, तिकीट काढताना स्टेशनचं नाव बघ. 2025च्या ऑक्टोबरात स्टेशनचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून औरंगाबादच येतं, दुकानांच्या पाट्यांवरही कुठे हे कुठे ते दिसेल. गोंधळू नकोस, गाव एकच आहे.

रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरव. आवाज जरा चढा ठेव, पण गोड बोल. जालना रोडवर शेअर रिक्षा धावतात, त्या स्वस्त पडतात, पण त्यात सासूबाई, दोन बॅगा आणि लाडवांचा डबा घेऊन चढायचा प्रयत्न करू नकोस. मी केलाय. डबा दोन सीटच्या मध्ये अडकला आणि क्रांती चौकात सगळी रिक्षा रिकामी करावी लागली.

राहायचं म्हणशील तर मैदानाच्या जवळपास राहा. गारखेडा, जवाहरनगर, शिवाजीनगर, उस्मानपुरा या बाजूला. स्टेशनजवळ लॉज सापडतील, पण सकाळी लवकर मैदानावर पोहोचायचं म्हणजे प्रत्येक किलोमीटर अंगावर येतो. नातेवाइकांकडे उतरणार असशील तर उत्तमच, पण एक गोष्ट मी तुला मोठी बहीण म्हणून सांगते, रागावू नकोस. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडीचं एवढं मोठं धरण पन्नास किलोमीटरवर पैठणला आहे, आणि आमच्या घराघरांत पाण्याचा ‘वार’ असतो. पाणी येतं त्या दिवशी बायका सुट्टी काढतात. तेव्हा कुणाकडेही उतरलीस तरी एका बादलीत आंघोळ आटप, आणि लेकीचा धुळीने माखलेला गणवेश तिथे धुवायला काढू नकोस. तसाच पिशवीत बांधून घरी ने. घरची बाई तोंडाने ‘असू दे गं’ म्हणेल, पण तिच्या मनात टाकी किती भरलीय याचाच हिशोब चालू असेल.

लेकीच्या राहण्याची मात्र काळजी करू नकोस. खेळाडूंची सोय आयोजक करतात, संघ एकत्र राहतो, एकत्र जेवतो. त्यांच्या खोलीवर फेऱ्या मारू नकोस. दर तासाला फोनही नको. संघाबरोबर शिक्षक असतात, त्यांचा नंबर घे आणि रात्री एकदा विचार. माझी धाकटी पहिल्यांदा गेली तेव्हा मी रात्री साडेदहाला तिच्यासाठी उशी घेऊन गेले होते. उशी! तिच्या मैत्रिणींनी पुढची तीन वर्षं तिला ‘उशी’ म्हणून हाक मारली. अजून ती मला ते माफ करत नाही.

मैदानावरच्या दिवसाचं ऐक. कार्यक्रमपत्रिकेवर नऊ लिहिलेलं असेल तर सामना नऊला सुरू होईलच असं नाही. आधी पाहुणे येणार, नारळ फुटणार, सत्कार होणार, कुणीतरी मनोगत व्यक्त करणार, आणि मुली बिचाऱ्या उन्हात रांगेत उभ्या. पण म्हणून तू उशिरा जाऊ नकोस, कारण ज्या दिवशी तू उशिरा जाशील नेमक्या त्याच दिवशी पाहुणे वेळेवर येतील. गेल्या गेल्या भाग्यपत्रिका कुठे लावलीय ते शोध आणि मोबाईलवर तिचा फोटो काढ. कुणाशी कधी सामना, साखळी आहे की बाद पद्धत, जिंकलो तर पुढचा कधी, हे सगळं तिच्यावर असतं. दिवसभर लोक एकमेकांना ‘आपला कधी आहे हो?’ विचारत फिरतात. तुझ्याकडे फोटो असला की तू त्या मांडवातली सगळ्यात महत्त्वाची बाई होतेस, बघच.

डिसेंबर-जानेवारीत स्पर्धा असेल तर सकाळी स्वेटर, दुपारी टोपी आणि संध्याकाळी परत स्वेटर. मराठवाड्याची थंडी भोळी दिसते, पण सूर्य मावळला की सिमेंटच्या पायऱ्यांतून वर येते. म्हणून बसायला जुनी सतरंजी आण. सासूबाईंना पायऱ्यांवर उन्हात बसवू नकोस, आधी सावलीची बाजू बघून ठेव. प्यायच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरूनच आण. आणि स्वच्छतागृह, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. सकाळी गेल्या गेल्या बघून घे, तेव्हा ते बऱ्या अवस्थेत असतं. दुपारी गर्दी झाली की नको वाटतं, आणि मग आपण पाणीच पीत नाही, आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. पाणी पी. पर्समध्ये साबणाचा कागद, पॅड आणि एक जास्तीची पिशवी ठेव. तुझ्यासाठी नाही तरी कुठल्यातरी मुलीला लागतंच. बारा-तेरा वर्षांची पोर मैदानाच्या कडेला रडवेली उभी असते आणि तिचे सर गोंधळलेले असतात, तेव्हा तुझीच पर्स कामाला येते.

आता ज्यासाठी मी तुला एवढं बसवून ठेवलंय ते सांगते.

त्या वर्षी उपांत्य सामना होता. आम्ही घरची आठ माणसं गेलो होतो. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पिशव्या माझ्याजवळ घेऊन बसले. कुणाचा स्वेटर, कुणाची बाटली, जाऊबाईंची पर्स, शिवाय दोन डबे. खो-खोमध्ये वयोगटाप्रमाणे सात किंवा नऊ मिनिटांची पाळी असते, हे मला तेव्हा पाठ होतं, पण बघितलं कधीच नव्हतं. पहिल्या पाळीत मी पोळ्या वाटल्या. दुसऱ्या पाळीत पुतण्याला स्वच्छतागृहाकडे नेलं. शेवटची सुरू झाली आणि सासरे म्हणाले, चहा मिळेल का गं? मी उठले. चहाच्या टपरीवर माझा नंबर येईपर्यंत मैदानातून असा काही गलका झाला की टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला. मी आठ कप चहा हातात घेऊन धावत आले तर सगळे उभे राहून नाचत होते. शेवटच्या क्षणाला माझ्या धाकटीने खांबाजवळ सूर मारून गडी बाद केला होता आणि आम्ही एका गुणाने जिंकलो होतो. सगळ्यांनी बघितलं. जाऊबाईंनी बघितलं, पुतण्याने बघितलं, शेजारच्या अनोळखी बाईंनीही बघितलं. तिच्या आईने चहा आणला. पोर माझ्याकडे धावत आली, गुडघे सोललेले, म्हणाली, ‘आई, दिसलं ना?’ आणि मी म्हटलं, ‘हो गं, दिसलं की.’ खोटं बोलले. तिला कळलं असणार, कारण आठ कप माझ्या हातातच होते.

म्हणून सांगते, तू मॅच बघायला येतेयस ना? मग बघ. डब्याची जबाबदारी नवऱ्याला दे. पिशव्या एका जागी ठेवून त्यांच्यावर पाय ठेवून बस. चहा हवा असेल तर ज्याला हवा त्याने उठावं, मध्यंतराला. सासूबाईंना सरळ सांग, ‘आई, या नऊ मिनिटांत मला काही विचारू नका.’ त्यांना राग येणार नाही, उलट त्याही तुझ्याबरोबर ओरडायला लागतील. आणि थोडा खेळ समजून घेऊन ये. आठ मुली चौकटींत पाठीला पाठ लावल्यासारख्या एकआड एक उलट तोंडाने बसतात, नववी पळते, समोरच्या संघाच्या तिघी एका वेळी मैदानात येतात. तुझी लेक धावणारी आहे की सूर मारणारी, खांबावरची आहे की मधली, हे तिला विचार. तिला इतका आनंद होईल की ती जेवताना अर्धा तास सांगत बसेल. तिच्या चुका मोजू नकोस, प्रश्न विचार.

ओरड, पण नाव घेऊन ओरड. ‘शाब्बास!’ म्हण. ‘डावीकडे वळ, खो दे, खो दे!’ असं काठावरून शिकवू नकोस. त्यासाठी प्रशिक्षक आहेत आणि पंच कधीकधी फार कडक असतात. आणि मुलीचा पाय मुरगळला तर धावत जाऊन चोळू नकोस. मी भाचीचा घोटा असा चोळला होता की सूज दुप्पट झाली आणि डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. बर्फ, विश्रांती, पाय उंच, आणि डॉक्टर. मालीश नाही. कुणी कितीही म्हणालं तरी नाही.

तुझी लेक खो-खो खेळते याचा मला किती अभिमान आहे सांगू? हा आपल्या भागाचा खेळ आहे गं. धाराशिवची सारिका काळे, तिच्या नेतृत्वाखाली भारताने 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि 2025च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा महिला संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असं हरवलं. मी ती मॅच टीव्हीवर बघितली, घरात कुणाला चहा दिला नाही. लोक क्रिकेटचं विचारतात तर आमच्याकडे तेही आहे. आमचा इक्बाल सिद्दीकी भारताकडून एकच कसोटी खेळला, 2001 साली मोहालीत, इंग्लंडविरुद्ध. तो गोलंदाज, पण जिंकायला पाच धावा हव्या होत्या तेव्हा त्याला सलामीला पाठवलं आणि त्याने त्या काढल्याही. एकच कसोटी, पण आमच्या गल्लीतल्या पोरांना ती अजून तोंडपाठ आहे.

आता तुझा सातवा प्रश्न. ती हरली तर. बाद पद्धत असेल तर पहिल्याच दिवशी सकाळी दहाला सगळं संपू शकतं, याची मनाची तयारी ठेव. तिच्याआधी तुझी. हरलेल्या मुली मैदानाबाहेर येतात ना, तेव्हा त्यांना कुणाचंच काही ऐकायचं नसतं. ‘पुढच्या वेळी’ म्हणू नकोस. ‘पंचांनी अन्याय केला’ तर मुळीच म्हणू नकोस, मग ती आयुष्यभर तेच धरून बसते. केळं दे, पाणी दे, जवळ बस. ती बोलेल तेव्हा बोल. संघाबरोबर थांबायचं असेल तर थांबू दे. सरांनी सोडली तर तिला घेऊन गाव बघ.

गाव बघायचं तेही हिशोबाने. सामने चालू असताना वेरूळ-अजिंठा कार्यक्रमात घुसवू नकोस, मी सांगते. अजिंठा शंभर किलोमीटर, अख्खा दिवस जातो, आणि सोमवारी बंद. वेरूळ तीस किलोमीटर, मंगळवारी बंद. कितीतरी जणी मंगळवारी वेरूळला जाऊन घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत येतात, लेणी राहतात ती राहतातच. एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली तर बीबी का मकबरा बघ, उन्हं उतरताना. पाणचक्की जवळच आहे. सामने विद्यापीठाच्या आवारातल्या साईला असतील तर हे दोन्ही तुला हाताशीच.

खायचं म्हणशील तर गुलमंडी-औरंगपुऱ्याकडे जा, पण गाडी घेऊन नको, गल्ल्या अशा की गाडी लावायलाच तास जातो. सिडकोत कॅनॉटला संध्याकाळी मुलींना जे हवं ते सगळं मिळतं. मांसाहार करत असशील तर शहागंजकडचं नान-खलिया खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस. पण खेळ संपल्यावर! आदल्या रात्री लेकीला देऊ नकोस, तर्री जड असते. जेवण झाल्यावर उस्मानपुऱ्याचं तारा पान. डिसेंबर-जानेवारीत आलात आणि कुणी शेतावर हुरड्याला बोलावलं तर लाजू नका, जा.

परतीचं तिकीट अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढ. आधी हरलात तर एसटी केव्हाही मिळते. पण जिंकत गेलात आणि रात्रीच्या गाडीसाठी पळावं लागलं तर बक्षीस समारंभ राहून जाईल, आणि आमच्याकडचे बक्षीस समारंभ, भाषणांसकट, लांबतातच.

पिशव्या कमी आण. आणि मी येणारच आहे मैदानावर, सूतगिरणी चौकात उतरलीस की फोन कर. चहा मी नेणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाच रुपये जास्त दिले की टपरीवरचा पोऱ्या आणून देतो जागेवर, हे मला त्या सामन्यानंतर सहा महिन्यांनी कळलं.